टायटॅनियम मिश्रधातूंवरील अॅनोडायझिंग : एकाच व्होल्टला दोन रंग का येतात?

धातुजिज्ञासा (धागालेखन)

टायटॅनियमच्या पृष्ठभागावर विद्युत प्रक्रियेने ऑक्साइडचा थर वाढवण्याविषयी, म्हणजे अॅनोडायझिंगविषयी, येथे सविस्तर चर्चा व्हावी, यासाठी हा धागा काढत आहे. अॅल्युमिनियमच्या अॅनोडायझिंगवर मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. टायटॅनियमचा विषय मात्र बहुतेक ठिकाणी "अमुक व्होल्टला अमुक रंग" अशा तक्त्यावरच संपतो आणि तो तक्ता कोणत्या अटींवर खरा ठरतो हे कोणी सांगत नाही.

माझ्यासमोरचा प्रश्न असा आहे. शुद्ध टायटॅनियमचे (ग्रेड २) आणि ६ टक्के अॅल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूचे (ग्रेड ५) नमुने ट्रायसोडियम फॉस्फेटच्या एकाच द्रावणात, ३० व्होल्ट एकदिश विद्युतदाबाखाली (पुढे नुसते 'दाब') ठेवले असता शुद्ध धातूवर स्वच्छ, गडद निळा रंग येतो, तर मिश्रधातूवर तोच निळा किंचित राखाडी आणि मळकट दिसतो. त्याहून कोड्यात टाकणारी बाब म्हणजे मिश्रधातूच्या पत्र्यापासून कापलेला तुकडा आणि सळईपासून कापलेला तुकडा यांचे रंगही आपापसांत जुळत नाहीत. व्होल्ट जर जाडी ठरवत असतील आणि जाडी जर रंग ठरवत असेल, तर हा फरक नेमका कोठून येतो? जोडीला दुसरा प्रश्न असा की, असा थर घर्षण सहन करण्याइतका जाड आणि कठीण करायचा असेल तर याच मार्गाने पुढे जाता येते का, की तेथे पद्धतच बदलावी लागते?

धनाग्र

प्रश्न नेमका मांडल्याबद्दल आभार. पहिल्या भागापासून सुरुवात करतो, कारण "व्होल्ट जाडी ठरवतात" हे विधान अर्धेच खरे आहे.

हवेत उघड्या असलेल्या टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप असतोच. तुकडा धनाग्र म्हणून जोडला की लावलेल्या दाबाचा बहुतेक भाग या पातळ थरावर पडतो आणि त्यातले विद्युतक्षेत्र मीटरमागे दहा कोटी ते शंभर कोटी व्होल्ट इतके प्रचंड होते. एरवी जागचे न हलणारे आयन अशा क्षेत्रात सरकू लागतात. टायटॅनियमचे आयन धातूकडून बाहेर येतात, द्रावणातील पाण्यापासून सुटलेले ऑक्सिजनचे आयन आत जातात आणि थर दोन्ही बाजूंनी वाढतो. थर जाड होईल तसे त्यातील क्षेत्र कमी होते. १९३४ मध्ये गुंथरशुल्झे आणि बेट्झ या संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे प्रवाह आणि क्षेत्र यांचे नाते घातांकी असल्यामुळे क्षेत्र थोडे उतरले तरी वाढ जवळजवळ थांबते. म्हणूनच प्रत्येक दाबासाठी एक मर्यादित जाडी मिळते आणि टायटॅनियमच्या बाबतीत ती ढोबळमानाने व्होल्टमागे २ नॅनोमीटर धरतात. द्रावण, तापमान आणि वाढीचा वेग यांनुसार हा आकडा साधारण दीड ते अडीच यांच्या दरम्यान हलतो.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण तो प्रत्यक्ष कामात निदानासाठी वापरता येतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे चार इलेक्ट्रॉन लागतात. थराची घनता दर घन सेंटिमीटरला ३.९ ग्रॅम धरली, तर एका चौरस सेंटिमीटरवर १ नॅनोमीटर थर वाढवण्यासाठी सुमारे १.९ मिलिकुलोम विद्युतभार पुरतो. ३० व्होल्टचा, म्हणजे ६० नॅनोमीटरच्या आसपासचा थर हा सुमारे ०.११ कुलोमचा व्यवहार आहे. चौरस सेंटिमीटरला ५ मिलिअँपिअर असा स्थिर प्रवाह ठेवला तर तो वीस-पंचवीस सेकंदांत पुरा व्हायला हवा आणि दाब दर सेकंदाला सुमारे १.३ व्होल्टने चढायला हवा. प्रत्यक्षात चढण याहून मंद दिसली, तर प्रवाहाचा काही भाग थर वाढवण्याऐवजी ऑक्सिजन वायू तयार करण्यात किंवा थर विरघळण्यात खर्च होत आहे असे समजावे. शुद्ध टायटॅनियम आणि ग्रेड ५ यांचे दाब–वेळ आलेख एकमेकांवर ठेवून पाहावेत, असे मी आपल्याला सुचवतो. मिश्रधातूचा आलेख लवकर वाकलेला दिसण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी बाब अशी की, यंत्रावर दिसणारे ३० व्होल्ट थरापर्यंत पोहोचतातच असे नाही. द्रावणाचा रोध आणि टांगणीच्या जोडावरचा रोध यांत काही दाब खर्ची पडतो. प्रवाह ओसरत गेला की हा तोटाही ओसरतो. म्हणून ठरावीक सेकंद मोजून तुकडा बाहेर काढण्यापेक्षा प्रवाह अगदी कमी पातळीवर स्थिर होईपर्यंत थांबणे हाच विश्वासार्ह निकष आहे. दोन तुकड्यांचे क्षेत्रफळ किंवा जोड वेगळे असतील, तर सारख्या वेळेत ते सारख्या जाडीला पोहोचणार नाहीत.

अपवर्तनांक

रंगाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण रंग हे येथे सर्वांत स्वस्त मापनयंत्र आहे आणि ते नीट वाचता आले पाहिजे.

या थरात कोणतेही रंगद्रव्य नाही. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि थरातून खाली जाऊन धातूवरून परतलेला प्रकाश यांचे व्यतिकरण होते आणि काही तरंगलांबी परावर्तनातून वजा होतात; परावर्तनाच्या आलेखात तेथे दरी पडते. थर पातळ असताना प्रथम निळा प्रकाश वजा होतो आणि सोनेरी-तपकिरी छटा दिसते. साधारण १० ते १५ व्होल्टचा हा टप्पा आहे. जाडी वाढली की वजाबाकी हिरव्या भागात येते आणि जांभळा रंग दिसतो. मग ती पिवळ्या-तांबड्या भागात सरकली की २५ ते ३० व्होल्टच्या आसपासचा गडद निळा मिळतो. पुढे ही दरी दृश्य प्रकाशाच्या पलीकडे, अवरक्तात जाते आणि पृष्ठभाग फिकट, चंदेरी-निळा होतो. त्यानंतर दुसऱ्या क्रमाची दरी जांभळ्या टोकाकडून आत येते आणि ५५ ते ६० व्होल्टला पुन्हा पिवळा, सत्तरीनंतर गुलाबी-किरमिजी अशी मालिका नव्याने सुरू होते. हिरवा रंग शंभर व्होल्टच्या आसपासच का मिळतो, याचेही उत्तर यातच आहे. हिरव्यासाठी निळा आणि तांबडा हे दोन्ही एकाच वेळी वजा व्हावे लागतात आणि त्यासाठी दोन क्रमांच्या दऱ्या एकदम दृश्य भागात हव्यात. शुद्ध तांबडा मात्र या पद्धतीने मिळत नाही, कारण त्यासाठी जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा सगळा प्रकाश एकत्र दाबावा लागेल आणि एक साधा पारदर्शक थर तेवढे करू शकत नाही.

आता आपल्या मळकट निळ्याकडे वळू. रंग गडद दिसण्यासाठी दरी खोल हवी आणि दरी खोल होण्यासाठी पृष्ठभागाच्या कानाकोपऱ्यात थराची जाडी आणि अपवर्तनांक सारखा हवा. काही सूक्ष्म भागांवर थर ६० नॅनोमीटर आणि शेजारच्या भागांवर ४५ असेल, तर डोळ्याला त्या दोन रंगांची सरासरी दिसते आणि सरासरी नेहमीच फिकी, राखाडीकडे झुकलेली असते. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रकाशशास्त्रात नसून धातूच्या अंतर्रचनेत आहे असे मला वाटते. त्या विषयाच्या जाणकारांनी पुढे लिहावे.

एक छोटी सूचना: रंगाची तुलना करण्यापूर्वी तुकडे धुऊन पूर्ण कोरडे करावेत. बोटांच्या तेलाचा पातळ पापुद्राही रंग बदलून दाखवतो. थरात दोष आहे असा समज होतो, प्रत्यक्षात धुतल्यावर मूळ रंग परत येतो.

सूक्ष्मरचना

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. या प्रक्रियेत बाहेरून काहीही आणून पृष्ठभागावर चढवले जात नाही. थर त्याच धातूच्या अणूंपासून वाढतो, आणि त्यामुळे धातूत जे असमान आहे ते थरात असमानच उतरते. ग्रेड ५ च्या वर्तनाचे मूळ मला येथेच दिसते.

शुद्ध टायटॅनियम सामान्य तापमानाला एकाच, अल्फा नावाच्या प्रावस्थेत (अणूंच्या एकाच स्फटिकी मांडणीत) असते. ग्रेड ५ मध्ये अल्फा आणि बीटा या दोन प्रावस्था शेजारी शेजारी नांदतात. अॅल्युमिनियम प्रामुख्याने अल्फात विरघळते, तर व्हॅनेडियम आणि अल्प प्रमाणातील लोह बीटात एकवटते. त्यामुळे अॅनोडायझिंग करताना आपण प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या रचनांच्या धातूंवर एकाच वेळी थर वाढवत असतो. अल्फावरील थरात अॅल्युमिनियमचा ऑक्साइड मिसळतो आणि त्याचा अपवर्तनांक टायटॅनियम डायऑक्साइडपेक्षा बराच कमी आहे. बीटावरील थरात व्हॅनेडियमचे ऑक्साइड येतात. ते द्रावणात सहज विरघळतात, त्यामुळे तेथील थर सदोष राहतो आणि ऑक्सिजन वायूही तेथे लवकर सुटू लागतो. मळकटपणा या दोन जाड्यांच्या आणि दोन अपवर्तनांकांच्या सरमिसळीतून येतो.

पत्रा आणि सळई यांच्यातील फरकालाही हीच दृष्टी लावावी. दोहोंची रासायनिक रचना एकाच मानकात बसत असली तरी लाटण, घडाई आणि तापवण्याचा इतिहास वेगळा असतो, म्हणून बीटाचे प्रमाण, कणांचा आकार आणि त्यांची दिशा वेगळी असते. टायटॅनियमच्या षट्कोनी स्फटिकाच्या निरनिराळ्या प्रतलांवर ऑक्साइडची वाढ किंचित वेगवेगळ्या गतीने होते. मोठ्या कणांच्या शुद्ध टायटॅनियमवर एकेक कण वेगळ्या छटेचा दिसतो तो त्यामुळेच.

याहून साधे पण नेहमी दुर्लक्षिले जाणारे कारण पृष्ठभागावर असते. हवेत तापवलेल्या मिश्रधातूच्या पृष्ठभागात ऑक्सिजन खोलवर मुरतो आणि एक कठीण, ठिसूळ कवच तयार होते, ज्याला अल्फा केस म्हणतात. ते पूर्ण काढले गेले नसेल तर आपण मिश्रधातूवर नव्हे, त्या कवचावर थर वाढवत असतो. ते घासून, यंत्रकामाने किंवा नायट्रिक व हायड्रोफ्लुओरिक आम्लांच्या मिश्रणात खरवडून काढतात. या मिश्रणात नायट्रिक आम्लाचे प्रमाण हायड्रोफ्लुओरिकच्या सुमारे दहापट ठेवण्याचा प्रघात आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने धातू विरघळताना हायड्रोजन सुटतो, तो धातूत शिरला तर धातू ठिसूळ होतो, आणि नायट्रिक आम्ल त्या हायड्रोजनला ऑक्सिडीकृत करून ही शक्यता कमी करते. ग्रेड ५ च्या पत्र्यात हायड्रोजनची कमाल मर्यादा ०.०१५ टक्के इतकीच आहे, हे पाहिले म्हणजे काळजी का घ्यावी हे कळते. अॅनोडायझिंगमध्ये तुकडा धनाग्र असल्याने हायड्रोजन समोरच्या ऋणाग्रावर सुटतो आणि तुकडा सुरक्षित राहतो; जोडणी उलटी झाली तर मात्र तोच हायड्रोजन तुकड्यावर सुटतो.

प्रक्रियाकक्ष

प्रत्यक्ष कामाच्या अंगाने काही मुद्दे जोडतो.

टांगण्यासाठी टायटॅनियमचीच तार किंवा पकड वापरावी. तांबे, पितळ किंवा पोलाद द्रावणात बुडाले तर त्यांच्यावर रोधक थर बनत नाही, सगळा प्रवाह त्यांच्यातूनच वाहतो, ते विरघळतात आणि तुकड्यावर दाब चढतच नाही. टायटॅनियमच्या पकडीचीही एक अडचण आहे. प्रत्येक फेरीत तिच्यावरही थर चढतो आणि तो विद्युतरोधक असतो, म्हणून पुढच्या फेरीपूर्वी स्पर्शाची जागा घासून उघडी करणे आवश्यक आहे. रंग तुकड्यागणिक बदलतो अशी तक्रार असते तेव्हा मी सर्वप्रथम हा जोड तपासायला सांगतो.

एकाच तुकड्यावर एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे छटा बदलत असेल, तर पुष्कळजण ऋणाग्राचे अंतर दुरुस्त करायला जातात. विद्युत विलेपनात ते योग्य आहे, येथे त्याचा फारसा उपयोग नाही. थर स्वतःच स्वतःची वाढ रोखत असल्यामुळे जवळचा भाग आधी आणि दूरचा भाग थोड्या वेळाने त्याच जाडीला पोहोचतो. पुरेसा वेळ देऊनही फरक राहिला तर तेलकटपणा, अडकलेला वायूचा बुडबुडा किंवा सैल जोड शोधावा.

याच गुणधर्माचा एक सुंदर उपयोग आहे. एकाच तुकड्यावर अनेक रंग हवे असतील तर सर्वांत जास्त दाबाचा रंग प्रथम द्यावा, नको त्या जागी तो थर काढून धातू उघडा करावा आणि मग कमी दाबाचा रंग द्यावा. जाड थरावर कमी दाबाचा काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे आधीचा रंग झाकून ठेवण्याची गरज पडत नाही.

सुरक्षेविषयी स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. १०० व्होल्टचा एकदिश दाब आणि ओले हात हा जिवावर बेतणारा संयोग आहे. तुकडा काढण्या-घालण्यापूर्वी पुरवठा बंद झालाच पाहिजे. ऋणाग्रावर सुटणाऱ्या हायड्रोजनसाठी वायुवीजन हवे. सल्फ्युरिक आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. हायड्रोफ्लुओरिक आम्ल मात्र घरगुती प्रयोगात आणूच नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. सौम्य द्रावणाने भाजल्यास वेदना तासांनंतर जाणवते, तोवर फ्लुओराइड ऊतींत खोल जाऊन शरीरातील कॅल्शियम बांधून टाकतो. ज्या प्रयोगशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नाही आणि ती कशी वापरावी हे जाणणारी व्यक्ती उपस्थित नाही, तेथे हे आम्ल उघडू नये.

धातुजिज्ञासा

सर्वांचे मनापासून आभार. दाब–वेळ आलेखाची सूचना मला विशेष मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे रंगाच्या अंदाजावर अवलंबून न राहता प्रवाहाची कार्यक्षमता आकड्यांत पाहता येईल. एक पूरक शंका आहे. ग्रेड ५ वर थर कमी जाड होतो असे धरले, तर दाब दोन-चार व्होल्ट वाढवून शुद्ध टायटॅनियमचा रंग गाठता येणार नाही का?

धनाग्र

सरासरी छटा जवळ आणता येईल, गडदपणा नाही. दाब वाढवल्याने अल्फा आणि बीटा या दोन्हींवरील थर वाढतात, त्यांच्यातील फरक तसाच राहतो. शिवाय दाब वाढत जातो तसे आणखी एक स्थित्यंतर होते. कमी दाबाचा थर अस्फटिकी असतो. पुढे त्यात अॅनाटेझचे (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचे) सूक्ष्म स्फटिक उगवू लागतात आणि स्फटिकांच्या जागी इलेक्ट्रॉनांचे वहन सुलभ होऊन ऑक्सिजन जोरात सुटतो. सल्फ्युरिक आम्लात हे स्थित्यंतर वीस व्होल्टच्या आतही दिसू शकते. फॉस्फोरिक आम्लात फॉस्फेट थरात शिरून स्फटिकीभवन लांबवतो, म्हणून उच्च दाबाचे स्वच्छ रंग तेथे अधिक सहज मिळतात. थर सावकाश वाढवला तर स्फटिकांना उगवायला अवधी मिळतो, ही गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे, पण ध्यानात ठेवावी. ग्रेड ५ साठी दाब वाढवण्याआधी पृष्ठभाग नव्याने खरवडून, लगेच धुऊन, ओला असतानाच अॅनोडायझिंगला घेणे अधिक फलदायी ठरेल.

सूक्ष्मरचना

आता घर्षणाच्या प्रश्नाकडे येतो. रंगीत थराची जाडी फार तर दोन-अडीचशे नॅनोमीटर असते; अॅल्युमिनियमवरचा कठीण अॅनोडिक थर पन्नास मायक्रोमीटरचा सहज असतो. म्हणजे जाडीतील अंतर दोनशे पटींहून अधिक आहे, आणि रंगीत थराकडून झीज रोखण्याची अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे. ज्यांना सरकणाऱ्या भागांचे एकमेकांत रुतणे टाळायचे आहे, त्यांच्यासाठी १३ किंवा त्याहून अधिक सामू असलेल्या अल्कधर्मी द्रावणातील राखाडी थर असतो. एएमएस २४८८ या विमानउद्योगातील मानकातील दुसरा प्रकार तो हाच. विमानाचे भाग आणि अस्थिरोपणाचे स्क्रू यांवर तो सर्रास वापरला जातो. घर्षण कमी करणे हा त्याचा उद्देश आहे, जाड चिलखत होणे हा नाही.

खरोखर जाड थर हवा असेल तर प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशनकडे वळावे लागते. तेथे दाब २०० ते ५०० व्होल्टपर्यंत नेतात, थराचे विद्युतभंजन होते आणि पृष्ठभागभर सूक्ष्म ठिणग्या फिरू लागतात. प्रत्येक ठिणगीच्या जागी ऑक्साइड क्षणभर वितळतो, गोठतो आणि त्यात द्रावणातील सिलिकेट, फॉस्फेट किंवा अॅल्युमिनेट मिसळतात. असा थर पाच-दहा मायक्रोमीटर किंवा त्याहून जाड, रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचे दुसरे स्फटिकरूप) व अॅनाटेझयुक्त, कठीण पण सच्छिद्र असतो. हीच सच्छिद्रता अस्थिरोपणात गुण ठरते. द्रावणात कॅल्शियम आणि फॉस्फरसची संयुगे ठेवून ते थरात मुरवणे आणि नंतर उच्च दाबाच्या वाफेत त्यावर हायड्रॉक्सिअॅपेटाइट (हाडातील खनिजासारखे कॅल्शियम फॉस्फेट) उगवणे ही पद्धत १९९५ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

फ्लुओराइडयुक्त द्रावणांचा मार्ग वेगळाच आहे. तेथे थर वाढतो आणि त्याच वेळी फ्लुओराइड त्याला विरघळवतो, आणि या दोन क्रियांच्या समतोलातून उभ्या नॅनोनलिकांची रांग तयार होते. १९९९ मध्ये क्रोमिक व हायड्रोफ्लुओरिक आम्लांच्या मिश्रणात स्वयंरचित सच्छिद्र थराची आणि २००१ मध्ये सौम्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात नलिकांची नोंद झाली. नलिकांचा व्यास दाबाबरोबर वाढतो. ग्रेड ५ वर येथेही बीटा आडवी येते: तिच्यावरचा ऑक्साइड जलद विरघळतो, नलिका अल्फावर उभ्या राहतात आणि बीटाच्या जागी खळगे पडतात. मूळ धाग्यातील मळकट निळ्याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहायचे असेल, तर यापेक्षा स्पष्ट चित्र क्वचितच मिळेल.

धातुजिज्ञासा

शेवटची शंका विचारतो. वारंवार बदलणारा भार घेणाऱ्या भागावर असा ठिणग्यांचा जाड थर दिला तर ताकदीवर परिणाम होतो का?

सूक्ष्मरचना

होतो, आणि तो प्रतिकूल असतो. थर ठिसूळ आणि सच्छिद्र असल्याने त्यातील छिद्रे व भेगा शिणवटीच्या तड्यांना प्रारंभबिंदू पुरवतात, आणि टायटॅनियम मिश्रधातू खाचांबाबत मुळातच संवेदनशील आहेत. म्हणून अशा भागांवर थर देण्याआधी छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभागात संपीडन ताण साठवतात, थर गरजेपुरताच जाड ठेवतात आणि जेथे भाराची एकाग्रता होते ती वळणे व आट्या झाकून थराबाहेर ठेवतात. काही दशांश मायक्रोमीटरचा रंगीत थर मात्र नीट खरवडलेल्या पृष्ठभागावर वाढवला असेल, तर त्याचा असा परिणाम नगण्य राहतो. तेथे धोका थरापेक्षा आधीच्या खरवडणीत जास्त असतो, कारण आम्लाने बीटाच्या कडेने कोरलेले खळगे थराखाली तसेच राहतात. आपला भाग तसा असेल तर खरवडल्यानंतर आणि अॅनोडायझिंगपूर्वी एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहावा, आणि त्याचे छायाचित्र येथे टाकल्यास त्यावर पुढे बोलता येईल.